डेलिशाचं ऑपरेशन मीच करून घेणार

११ ऑगस्ट

आजपासून लिहिणार. डेलिशाच्या दहावीच्या विज्ञानाच्या वहीत मागची पानं कोरी आहेत. फेकायची कशाला? माझी शाळा चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घाचं कोणी काही बोलू नये. बोलणार तरी कोण, वाचणार मीच.

एक गोष्ट पक्की. डेलिशाचं वजन कमी करायचं ऑपरेशन होणार आणि ते मी करून घेणार. मी मनात आणलं की होतं. देवबागात होमस्टे काढते म्हटलं तेव्हा सगळे हसले होते. आता पुण्याचे लोक माझ्या हातचं सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचं, कालवण खायला आधीपासून फोन करून खोली अडवतात.

डेलिशा सोळाची. अकरावीत. वर्गात बसल्याबसल्या झोपते. झोपली की घोरते आणि घोरता घोरता श्वास बंद. सगळं घर गप्प होतं. मग घुसमटून परत चालू. त्या मधल्या वेळात मी काय करते ते लिहीत नाही.

मालवणचा डॉक्टर म्हणाला, कमी खा, चाला. कुडाळचा म्हणाला, अठराची होऊ दे. कोल्हापूरवाले म्हणाले, एवढ्या लहान मुलांचं आम्ही करत नाही. मी विचारलं, अठरापर्यंत तिच्या वतीनं श्वास कोण घेणार, तुम्ही? मिंगेलनं माझा हात ओढला. मिंगेल माझा नवरा. होडी चालवतो, बोलत नाही.

गोव्यात एका हॉस्पिटलात मुलांचं करतात हे ग्लिनिसनं शोधून काढलं. ग्लिनिस मिंगेलची बहीण, म्हापशाला शाळेत शिकवते. शोधलं तिनं. पण शोध म्हणून तिच्या मागे कोण लागलं?

१९ ऑगस्ट

गोव्याला जाऊन आलो. गावातल्या भाईची भाड्याची गाडी केली. बांद्यापर्यंत डेलिशा मागच्या सीटवर झोपली आणि दोनदा श्वास अडकला. भाईनं घाबरून गाडी बाजूला घेतली. मी म्हटलं, चल रे, बघतोस काय.

डॉक्टर मॅडम बऱ्या वाटल्या. पण कान कमी असावेत. डेलिशाला विचारलं, तुला काय वाटतं? मी सांगितलं, तिला ऑपरेशन हवंय. परत डेलिशाला विचारलं. मी परत तेच सांगितलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर मी जरा मोठ्यानं सांगितलं.

मग दिव्या नावाची एक मुलगी आली. मुलांशी बोलायची तिची नोकरी. मला म्हणाली, तुम्ही जरा बाहेर बसाल का? सोळा वर्षं जिला वाढवलं तिच्याशी बोलताना मी बाहेर! बसले बाकड्यावर. आत डेलिशा हसताना ऐकू आली. आमच्या घरात ती कधी एवढी हसली मला आठवत नाही. मशीन-बिशीन लावलं असेल.

पोटाचा बराचसा भाग कापून काढतात. उरतं केळ्याएवढं. पण लगेच नाही. आधी काही महिने दर महिन्याला यायचं, चालायचं, नाकाला मशीन लावून झोपायचं. आणि अट एकट्या डेलिशाला नाही, सगळ्या घराला. तळलेलं बंद, गोड बंद, कोल्ड्रिंक घरात आणायचं नाही. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, ऑपरेशन पोटाचं होतं, घराचं होत नाही, ते तुम्ही करायचं. मी म्हटलं, झालंच समजा.

घरात उरलेलं अन्न किती असतं असं आहारवाल्या बाईनं विचारलं. मी म्हटलं, आमच्या घरात कधी काही उरत नाही. खरंच उरत नाही. संपवतो आम्ही.

२० ऑगस्ट

आजपासून घरात तळण बंद.

२१ ऑगस्ट

नाशिकचे सहा जण आले. पाहुण्यांसाठी तळावं लागतं, त्यात माझा काय दोष. त्यांनी सुरमईचे तुकडे पानात टाकले. तुकडे कसले, मोठे मोठे. मासा टाकणं पाप आहे. डेलिशाला फक्त दोन दिले. ती नको म्हणाली. मी म्हटलं, नको तर नको, दर्यात टाकते. मग खाल्ले.

उद्यापासून नक्की.

८ सप्टेंबर

मोंतीचं फेस्त. सायबिणीचा, म्हणजे मारियामातेचा, वाढदिवस, नवीन भाताची कणसं चर्चमध्ये नेली. घरी वडे-सागोती. फेस्ताला वडे नाहीत असं घर मला दाखवा. गोव्याच्या डॉक्टरसुद्धा आज खात असतील.

डेलिशानं एकच वडा खाल्ला. मी विचारलं, बरं नाही का?

१५ सप्टेंबर

ठरवलं, रोज संध्याकाळी मी आणि डेलिशा किनाऱ्यानं चालणार, एका बाजूला खाडी, एका बाजूला दर्या, टोकाच्या संगमापर्यंत. देवबागात दुसरं आहे काय. आज पहिला दिवस. वॉटर स्पोर्टवाली पोरं सीझनसाठी बोटी रंगवत होती. त्यातला एक म्हणाला, "हिका एकटीकच अख्खी बनाना बोट लागतली."

मी सोडते काय. चप्पल काढली. म्हटलं, तुझ्या बापाशीच्या होडयेत बसान ती बुडयतंय, मगे वजन मोज! कोणाचं पोट सुटलंय, कोणाची बहीण किती वजनाची, सगळं काढलं. अर्धा गाव गोळा झाला. पर्यटकांनी मोबाइल काढले. पोरगा पाया पडला तेव्हा सोडला.

घरी येताना डेलिशा म्हणाली, "मम्मी, तेना एकदाच म्हटल्यान. तुया धा वेळा म्हटलंस."

आईनं बाजू घेतली त्याचं हे.

१६ सप्टेंबर

डेलिशा चालायला येत नाही म्हणते. मुलांना चिकाटी नसते. मी पण गेले नाही. एकटी जाऊन काय करू, मला थोडंच ऑपरेशन करायचंय.

२८ सप्टेंबर

मिंगेल आणि डेलिशाचं काहीतरी चाललंय. पहाटे होडी काढून खाडीपलीकडे जातात. काय करतात विचारलं तर मिंगेल म्हणतो, "काय नाय." परत येतात तेव्हा दोघं घामानं निथळत असतात. होडीत बसून एवढा घाम?

तिला भूक लागत असेल म्हणून आल्याआल्या घावणे तयार ठेवते. चटणी-घावणे, तूप नाही. म्हणजे अगदी थोडं.

१४ ऑक्टोबर

गोवा. डेलिशाचं वजन उतरलं! मशीनमुळे झोपही बरी लागते. डॉक्टर मॅडमनी डेलिशाची पाठ थोपटली. दिव्या म्हणाली, खूप मेहनत घेतेस. मी म्हटलं, हो ना, मला जरा उसंत नाही. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

येताना बांद्याला बाजारात थांबलो. आनंदाची गोष्ट असताना कोरड्या तोंडानं घरी जायचं? भजी घेतली. डेलिशा म्हणाली, "माका नको गो." मी तिच्या हातात पुडी दिली. तिनं ती भाईला दिली. भाई मेला लगेच खाऊन मोकळा.

२ नोव्हेंबर

मेलेल्यांचा दिवस. सासूमायच्या थडग्यावर मेणबत्त्या लावल्या. सासूमाय जाताना डेलिशाबद्दल म्हणाली होती, चेडवाक उपाशी ठेवू नको. बोलता येत नव्हतं तिला शेवटी, पण डोळ्यांत दिसत होतं.

शेजारची हौसाबाई कुंपणावरून म्हणते, "गो रोझालिना, देवान दिलेला पोट कापूक जातंस? आमचो धाकटो दीर वाळान वाळान मेलो, तेका कोणी पोट जोडून दिल्यान नाय." म्हटलं, हौसाबाय, तुझ्या दिराचं आणि माझ्या चेडवाचं काय? ती म्हणाली, "काय नाय, आपली गजाल." हिची गजाल, माझी झोप जाते.

रोज दुपारी डेलिशा मशीन न लावता लवंडली की मी बाजूला बसते. श्वास थांबतो. मी पण धरते. ती सुरू करते तेव्हा मी सोडते. एकदा मला चक्कर आली.

ऑपरेशन झालंच पाहिजे.

२५ नोव्हेंबर

तारीख मिळाली!! जानेवारी, तेरा तारीख. बाराला भरती. दिव्यानं डेलिशाशी पुन्हा एकटीशी बोलून घेतलं, सगळ्या डॉक्टरांची मीटिंग झाली, सगळे हो म्हणाले. डेलिशाला विचारलं, भीती वाटते का? मी तोंड उघडणार तेवढ्यात ती म्हणाली, "वाटते. पण झोपताना वाटते त्यापेक्षा कमी." मिंगेल खिडकीतून बाहेर बघत राहिला.

एक शेवटची अट. ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे फक्त पातळ. डॉक्टर मॅडमनी कागदावर चित्र काढलं. लिव्हर पुढे, पोट त्याच्या मागे. लिव्हरात चरबी साठून ते सुजलंय. दोन आठवडे पातळ आणि हलकं घेतलं की ते आकसतं, मग बाजूला सारून पोटापर्यंत पोचता येतं. नाही आकसलं तर हात घालणं धोक्याचं. मला दोनदा समजावलं. मी काय लहान आहे?

पातळ म्हणजे डाळीचं पाणी, ताक, भाज्यांचं सूप, पावडरीचं दूध. आहारवाल्या बाईला म्हटलं, पेज? ती म्हणाली, वरचं पाणी, शितं नाहीत.

मिळवून दिली की नाही तारीख मी?

२० डिसेंबर

नाताळची कुस्वारं करायला घेतली. नेवऱ्या म्हणजे करंज्याच, दोदोलच्या वड्या, कुलकुलं, सगळे मिळून पाच डबे. घरात गोड नको म्हणतात, पण नाताळ घराच्या बाहेर करतात का? शिवाय पातळ सुरू होणार तीस तारखेला. तोपर्यंत मोकळीच आहे की ती.

डेलिशा म्हणाली, "मम्मी, ह्या वर्षी तू हौसाबायकडे दी सगळा." दिलं. एक डबा दिला. चार ठेवले.

२५ डिसेंबर

चर्चमध्ये मिसा करून आलो. ग्लिनिस आली आहे म्हापशाहून. डेलिशानं एकही नेवरी खाल्ली नाही. सगळे पाहुणे खातात आणि माझी मुलगी पाण्याचा ग्लास धरून बसलीय! मला रडू आलं. मुद्दाम नाही, आपोआप. डेलिशानं बघितलं आणि एक उचलली. मग मी डोळे पुसले. मग तिनं दुसरी खाल्ली.

ग्लिनिस माझ्याकडे अशी बघत होती, जणू वर्गात कॉपी करणारा पोरगा पकडलाय.

३० डिसेंबर

पातळ सुरू. जय येसू. दोन आठवडे मी लोखंडासारखी राहणार.

सकाळी डाळीचं पाणी. डेलिशानं पिऊन टाकलं. दुपारी ताक. चारच्या सुमाराला तिचे हात थरथरले. तिनं आहारवाल्या बाईला फोन केला, ती म्हणाली चिमूटभर मीठ घालून सूप घे, होतं असं पहिले दिवस. फोनवर बसून सांगायला काय जातं. हात माझ्या पोरीचे.

३१ डिसेंबर

विचार केला. पातळ म्हणजे काय, ओतलं की पसरतं ते. बरोबर? मग नारळाच्या दुधातली पेज पातळच आहे. वर पाणी, खाली थोडी शितं, ती काय दिसतात?

डेलिशानं चमचा फिरवून बघितलं. "मम्मी, पातळ केलास तरी नारळ तोच आसा."

मी म्हटलं, शाळा शिकलीस म्हणून आवशीक शिकव. घेतली मग तिनं. तिच्या चेहऱ्यावर रंग आला. आईला कळतं ते डॉक्टरला कळत नाही.

२ जानेवारी

पावडरीच्या दुधाला औषधाचा वास. तेच मणगण्यात घातलं. चण्याची डाळ, गूळ, नारळाचा रस, सगळं घोटून घोटून एकदम पातळ. पावडर पण पोटात गेली. दोन्ही बाजू सांभाळल्या.

मिंगेल बघत होता. म्हणाला, "चेडवाक इचार." काय विचारू? वाटी रिकामी होती.

डेलिशा आता मला काही बोलतच नाही. वाढलं की घेते. शहाणी झाली.

४ जानेवारी

ऑपरेशन म्हणजे घरातलं मोठं काम. आमच्यात लग्न असो, नवीन घर असो, मोठ्या कामाच्या आधी गेलेल्या माणसांच्या नावानं गरिबांना जेवू घालायचं. ते जेवले की घरातले मेलेले जेवले. मेलेले खूश, काम पार. माझ्या सासूमायनं मिंगेल बोटीवर नोकरीला जायच्या आधी घातलं नव्हतं, तो सहा महिन्यांत परत आला. उदाहरण समोर आहे.

सहा तारखेला तीन राजांचं फेस्त. त्याच दिवशी घालणार.

फादर रॉयडनना सांगायला गेले. ते म्हणाले, मिसा सांगू या डेलिशासाठी, तेवढं पुरे. तरुण फादर, यांना जुन्या गोष्टी काय माहीत. हौसाबाईचं तर ऐकायलाच नको. म्हणते, "पोट कापूच्या आदी जेवणावळ? तुझ्यासारखी तूच गो बाय." हसत होती. त्या हसण्यावर लिहायला जागा नाही.

डेलिशाला म्हटलं, तू फक्त बसायचं. ती म्हणाली, "फक्त बसतलंय. शपथ घे." शपथ घेतली.

६ जानेवारी

जेवण झालं. चर्चच्या पायरीवरचे दोन म्हातारे, वायरी गावात एकटी राहते ती बाई, आणखी चार-पाच. डुकराच्या मटणाचं सोरपोतेल, तांदळाच्या वाफवलेल्या सांना, भात, सुंगटांचं कालवण, दोदोल. सगळ्यांनी आशीर्वाद दिला. वायरीची बाई रडली.

पण आमच्या घरात रीत आहे, ज्याच्यासाठी जेवण त्यानं पहिला घास घ्यायचा. नाहीतर मेलेले उठून जातात. शपथ घेतली होती, पण शपथ माझी होती, रीत सासूमायची. सासूमाय मोठी. मी डेलिशाला घास भरवला. सगळे बघत होते. तिनं तोंड उघडलं. मग एका घासावर पानावरून कोणी उठू नये म्हणून एक म्हातारा म्हणाला, "घाल गो चेडवाक, घाल." त्यानंच म्हटलं, मी नाही.

थोडंच खाल्लं. एक पान.

मिंगेल होडी घेऊन गेला आणि जेवायला आला नाही.

आता सगळं नीट होणार. उद्यापासून नुसतं डाळीचं पाणी.

९ जानेवारी

तीन दिवस डाळीचं पाणी चालू. मधे एकदा पेज. डेलिशा आपल्या खोलीत दार लावून बसते. मिंगेल तिला पहाटे घेऊन जातो, मला विचारत नाही.

मेलेल्यांवर माझा विश्वास आहे.

१२ जानेवारी

गोवा. भरती झाली. चौथा मजला, खिडकीतून माड दिसतात. डेलिशाला हिरवा झगा घातला. तिनं केस दोन वेण्यांत बांधले, लहान असताना मी बांधायची तसे. मला म्हणाली, "मम्मी, मगे माका परत वर्गात झोप येवची नाय ना?" मी म्हटलं, नाही येणार.

रक्त नेलं. पोटाची सोनोग्राफी केली. वजन केलं. वजनाच्या वेळी नर्सनं काटा दोनदा बघितला. मला ती नर्स पहिल्यापासून आवडली नव्हती.

संध्याकाळी डॉक्टर मॅडम आल्या नाहीत. सकाळी येणार म्हणे. इथे सगळे असेच का बोलतात, अर्धं अर्धं?

१३ जानेवारी

लिहिणार नव्हते. पण लिहिते.

सकाळी डेलिशा उपाशी, तयार. स्ट्रेचर नाही आलं. डॉक्टर मॅडम, दिव्या आणि आहारवाली बाई तिघी आल्या आणि खुर्च्या ओढून बसल्या. उभ्यानं चांगली बातमी सांगतात, वाईट बसून सांगतात.

लिव्हर आकसलं नाही. उलट वाढलंय. वजन वाढलंय. साखर वाढलीय. आज हात घालता येणार नाही.

मी म्हटलं, तुमचं मशीन तपासा.

आहारवाल्या बाईनं विचारलं, दोन आठवड्यांत काय काय घेतलं? मी म्हटलं, तुम्ही सांगितलं तेच, पातळ. ती म्हणाली, डेलिशा, तू सांग.

डेलिशा माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "मी चोरून खाल्लं. मम्मी नव्हती तेव्हा."

डॉक्टर मॅडमनी चष्मा काढला. म्हणाल्या, डेलिशा, हे महत्त्वाचं आहे. ऑपरेशननंतर चोरून खाल्लं तर जिवावर बेतू शकतं. तुला स्वतःला थांबवता येत नसेल तर तुझं नाव आम्हाला काढावं लागेल. कदाचित पुन्हा घेताच येणार नाही.

डेलिशा म्हणाली, "काढा."

मी बोलणार होते. देवाशपथ बोलणार होते. घसा कोरडा होता, सकाळपासून चहा नव्हता. आणि मॅडमही इतक्या भराभर बोलत होत्या. मधे बोलणं बरं दिसत नाही. मी शब्द जुळवत होते. शुद्ध मराठीत बोलायचं तर वेळ लागतो.

तेवढ्यात मिंगेल उठला. भिंतीला टेकून होता इतका वेळ, मला वाटलं झोपलाय. डॉक्टरांसमोर शुद्ध मराठीत बोलला. लग्नातही एवढं बोलला नव्हता.

"मॅडम, पोरगी खोटं बोलते. तिनं चोरून नाही खाल्लं. घरात वाढलं ते खाल्लं. वाढणारी ही. रोज पहाटे माझ्यासोबत खाडीपलीकडे चालते, पाय सुजले तरी चालते. एक दिवस चुकली नाही. नाव काढायचं तर आमचं काढा."

आणि बाहेर गेला. चपला खोलीतच राहिल्या.

दिव्या माझ्या शेजारी येऊन बसली. तिनं माझा हात धरला. मी काढून घेतला. ती हळू म्हणाली, मुलगी तयार आहे, रोझालिनाबाय. घर तयार नाही.

नाव काढलं नाही. सहा महिन्यांनी परत बघू म्हणाल्या. पण तोपर्यंत डेलिशानं दुसऱ्या स्वयंपाकघरात राहावं असं त्यांना वाटतं. मी म्हटलं, दुसरं स्वयंपाकघर कुठून आणू?

डेलिशा म्हणाली, "ग्लिनिस आंटीकडे रवतंय. आंटीक इचारलंय मी."

कधी विचारलं? नाताळात.

१४ जानेवारी

डेलिशा हॉस्पिटलातूनच म्हापशाला गेली. कपड्यांची बॅग भाईनं पोचवली. कॉलेजाचं ग्लिनिस बघते म्हणाली. झोपायचं मशीन सोबत नेलं.

गावात सांगितलं, मीच पाठवली. तिकडे हॉस्पिटल जवळ. हौसाबाईनं काही विचारलं नाही. नुसतं कुंपणावरून एक पपई दिली. हिला कधीपासून एवढी समज आली?

१८ जानेवारी

पुण्याचे आठ जण. सगळ्यांनी बोटं चाटली. एक बाई म्हणाली, तुमच्या हाताला काय चव आहे हो, तुमच्या मुलांची मजा आहे.

मी म्हटलं, हो.

२४ जानेवारी

दुपारी घर गप्प असतं. श्वास ऐकायची सवय लागलीय कानांना. आज खोलीत जाऊन बसले. कोणी नव्हतं तरी मधे श्वास धरला.

ठरवलंय, ऑपरेशन जुलैत. मीच करून घेणार. तळण आजपासून पूर्ण बंद. पाहुण्यांना आधी विचारून बघते, चालतंय का.

मिंगेल पहाटे एकटाच होडी काढतो.

१ फेब्रुवारी

ग्लिनिसचा मेसेज. डेलिशाचं वजन उतरतंय. वर्गात झोपली नाही.

फोन केला. डेलिशानंच उचलला. आवाज बरा होता. मी विचारलं, जेवलंस?

ती म्हणाली, "मम्मी, दुसरा कायतरी इचार."

मी विचार केला. खूप केला. ती फोन धरून थांबली होती, श्वास ऐकू येत होता, नीट चालला होता.

काही सुचलं नाही.

"बरां, ठेवतंय," म्हणाली.